पाणी आलं म्हणजे सील गेलं

(यंत्रमानवाला रडवणाऱ्या लेखक महाशयांस खुले पत्र)

फलटण



तुमचं नाव इथे लिहीत नाही. एक तर स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ते बंद पाकिटात आहे, आणि दुसरं, या गुन्ह्यात तुम्ही एकटे नाही. गावातल्या एका दिवाळी अंकाकडे आलेल्या विज्ञानकथा वाचायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त विज्ञानशिक्षक म्हटला की त्याला विज्ञान कळतं, कथाही कळते आणि दुसरं काम तर नसतंच, असा आमच्याकडे समज आहे. माउलींची पालखी बरडकडे गेली, गाव जरा मोकळं झालं, तेव्हा गठ्ठ्याची सुतळी सोडली. वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात माझ्या टेबलावर एकापाठोपाठ एक तीन यंत्रमानव रडले. तिसरा तुमचा.

पाकिटात नाव लपवण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळाल्यावर उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून बसलेले जयंत विष्णू नारळीकर. नावाकडे न बघता कथेकडे बघावं, एवढाच हेतू. तुमची कथा वाचून संपल्यावर पाकीट फोडून बघण्याचा मोह मला क्षणभरही झाला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

आता कथा. साल २०६०. पुण्यात कोथरूडला एकटे राहणारे आजोबा, मुलगा सिएटलला. आजोबांच्या देखभालीला 'सखा' नावाचा यंत्रमानव. तो त्यांना वेळेवर गोळ्या देतो, पाठीला तेल लावतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि रोज संध्याकाळी बुद्धिबळाच्या डावात मुद्दाम हरतो. मग आजोबा जातात. मुलगा पडद्यावर येतो, दोन मिनिटांत मीटिंग आहे म्हणून निघून जातो. आणि मग, महाशय, तुमचा तो परिच्छेद! सखाच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. कंपनीचा इंजिनियर येतो, डोकं उघडून बघतो आणि थक्क होऊन म्हणतो, याच्यात तर पाण्याची सोयच नाही. पुढे तीन टिंबं. समाप्त.

डावाच डोळा का, यावर मी बराच वेळ विचार केला. हृदय डावीकडे असतं म्हणून असावं.

बारामती रस्त्याला मोटारी रिवाइंडिंग करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. दुसऱ्या दिवशी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा तुमचा शेवट त्यांना वाचून दाखवला. त्यांच्या पुढ्यात एक सबमर्सिबल उघडून पडली होती, आतली तांब्याची तार जळून काळीठिक्कर. गुडघ्यावर फडकं, हातात पक्कड. तार उचकटता उचकटता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी आलं म्हंजे सील गेलं, गुरुजी. आत शिरलं असंल तर वाइंडिंग बी गेलंच म्हणा." मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "वॉरंटीत हाय का?"

मराठी समीक्षेत मी पुष्कळ काही वाचलं आहे. इतका नेमका अभिप्राय क्वचित.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही पडलात रुक्ष. वाचकाला यंत्राबद्दल जिव्हाळा वाटायला हवा, म्हणून त्याला थोडं माणसासारखं करावं लागतं. जिव्हाळ्याचं आम्हाला शिकवू नका हो. तुम्ही खंडेनवमीला कधी या भागात आलात तर बघा. ट्रॅक्टर धुऊन पुसून दारात उभा असतो, बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे, स्टिअरिंगला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. शेजारी कोयता, विळा, पाना आणि पोराचा लॅपटॉपसुद्धा. आमच्या वडिलांनी एम-एटी विकली त्या दिवशी सकाळी त्यांनी ती विहिरीवर नेऊन धुतली होती. गिऱ्हाईक पैसे मोजत होतं आणि वडील तिच्या सीटवरची धूळ, जी नव्हतीच, पुन्हा पुन्हा झटकत होते. एम-एटी रडली नाही. तिला तशी गरजही पडली नाही, कारण ते काम करायला घरात एक माणूस होता.

बेंदराला शिंगं रंगवलेला बैल म्हणालात तर तो तरी जिवंत असतो. पण त्याच्याही बाबतीत, बाजारात विकलेल्या बैलाच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही यावर गावात वाद होतो. दावं सोडणाऱ्याच्या डोळ्यांत आलं होतं यावर होत नाही.

आणि आपल्या भाषेत, माणूस नसलेल्याला वाचा देण्याचं सगळ्यात थोर उदाहरण तर दर आषाढात आमच्या दारावरून जातं. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा मराठी माणसाला शाळेच्या आधी कळलेली असते. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्या रेड्याची समाधी दाखवतात. तुमच्या हाती ती कथा पडली असती तर काय झालं असतं, या कल्पनेने मला घाम फुटतो. रेड्याने वेद म्हटले असते, मग मान वळवून निवृत्तीनाथांकडे पाहिलं असतं, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून... असो. मूळ कथेत रेडा रडत नाही. तो ऋचा म्हणतो, आणि त्या ऋचा सणसणीत बसतात त्या समोर बसलेल्या शास्त्रीमंडळींच्या गालावर. त्याच कथेत दुसरीही एक गोष्ट सांगतात. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले, तेव्हा वळ उमटले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. आसूड कुणावर आणि वळ कुणाच्या पाठीवर, एवढं ज्याला कळलं त्याने यंत्रमानवाची कथा जरूर लिहावी. तुमच्या कथेत आसूडही सखावर, वळही सखावर, आणि वाचक तिऱ्हाईतासारखा लांब उभा.

यंत्रमानवाला भावना देऊच नयेत, असा फतवा काढायला मी बसलेलो नाही. ज्या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला त्या नाटकातच हा उद्योग झालेला आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' लिहिलं, १९२१ च्या जानेवारीत ते प्रागच्या रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि तो ज्या 'रोबोटा' या चेक शब्दावरून घेतला त्याचा अर्थ आपल्याकडच्या माणसाला टीप न देता कळावा असा आहे: वेठ. त्या नाटकातल्या कारखान्यात डॉक्टर गाल नावाचा शास्त्रज्ञ आहे. हेलेना नावाच्या कनवाळू बाईच्या आग्रहाखातर तो काही रोबोंच्या घडणीत बदल करतो, त्यांना थोडं माणसासारखं चिडायला, सलायला शिकवतो. परिणाम? बंड होतं आणि पृथ्वीवर एक माणूस उरतो. तोही का उरतो, तर तो स्वतःच्या हाताने काम करणारा आहे म्हणून. शेवटी या माणसासमोर दोन रोबो उभे असतात, एक तरुण आणि एक तरुणी. तो म्हणतो, तुमच्यापैकी एकाला कापून बघावं लागेल. तिला कापू नका म्हणून तो पुढे होतो, त्याला कापू नका म्हणून ती. यांच्यात काहीतरी नवं जन्माला आलं आहे हे म्हाताऱ्याला तेव्हा कळतं. थेंबाबिंबाचा खर्च न करता.

भावनेला किंमत लागते, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी झालेला आहे. तुमच्या सखाच्या अश्रूने कुणाचं काय गेलं? फार तर एक सील.

हिशेब चोख ठेवला तर मसाला सिनेमातही जमून जातं. २०१० साली आलेला रजनीकांतचा 'एंथिरन', आपल्याकडे 'रोबोट' म्हणून हिंदीत चालला तो, तुम्ही पाहिला असेलच. चिट्टीला भावना येतात आणि तो थेट आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीच्या प्रेमात पडतो. तिला चावलेला डास हुडकून माफी मागायला तिच्यासमोर हजर करतो. हसण्यासारखंच आहे, मीही हसलो. पण पुढे त्याच प्रेमापायी तो मोडला जातो, कचऱ्यात जातो, परत जोडला जाऊन राक्षस होतो आणि शेवटी स्वतःच्या हाताने स्वतःचे भाग सुटे करतो. गाणी, डास, सगळं जमेला धरूनही त्या सिनेमात भावनेचं बिल कुणीतरी भरतं. तुमच्यापेक्षा शंकर या दिग्दर्शकाचा जमाखर्च चोख, असं म्हणायची वेळ माझ्यावर यावी!

तुमचा थेंब जुनाही आहे, हे सांगितलं पाहिजे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी मालिकेत डेटा नावाचा यंत्रमानव होता. मालिका १९८७ ते १९९४ चालली. मी पाहिली पुष्कळ उशिरा, पुतण्याच्या लॅपटॉपवर. डेटाला भावना नव्हत्या आणि त्याच्याकडे एक मांजर होतं. वर्षानुवर्षं तो त्या मांजराला खाऊ घालतो, त्याच्या आवडीनिवडी तपासतो. प्रेम नाही, जिव्हाळा नाही, ताटली मात्र वेळेवर. त्या ताटलीने मला जे केलं ते पुढच्या चित्रपटाने केलं नाही. १९९४ च्या त्या चित्रपटात डेटाच्या डोक्यात भावनांची चिप बसवतात. लगेच तो सात वर्षांपूर्वीचा विनोद आता कळला म्हणून खदखदून हसतो, भीतीने गारठतो (हा भाग बरा आहे, कारण त्यापायी त्याचा मित्र शत्रूच्या हाती लागतो), आणि शेवटी यानाच्या ढिगाऱ्यात मांजर जिवंत सापडल्यावर डेटाच्या डोळ्यांतून पाणी येतं. तुमचा परिच्छेद. तीस वर्षांहून जास्त काळ वापरलेला, थोडा उसवलेला.

त्याच मालिकेत १९९० चा एक भाग आहे, तो मिळवून बघा. डेटा स्वतःसाठी एक मुलगी घडवतो. तिचं नाव लाल. हिंदीतला 'लाडकं' हा अर्थ मनात धरून त्याने ते ठेवलेलं आहे. बाप बिनभावनेचा, पण लेकीला एक दिवस भीती वाटते. नुसती म्हणायची नव्हे, खरोखरची. तिचा मेंदू त्यासाठी बनलेलाच नाही, तो ढासळायला लागतो. डेटा हात चालवत राहतो आणि तिला वाचवू शकत नाही. ती त्याच्यावर प्रेम करते म्हणून सांगते. तुझ्याबरोबर मलाही ते जाणवलं असतं तर, एवढंच तो म्हणू शकतो. मग तिच्या आठवणी स्वतःत साठवून घेतो आणि जाऊन आपल्या कामाच्या खुर्चीवर बसतो. मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर गेलो. पुतण्याला सांगितलं, पाण्याची टाकी बघून येतो.

कळतंय का, महाशय? रडलं कोण?

बिनभावनेच्या यंत्राकडून माणसाच्या भावनेची काय वाट लागते, हे आयझॅक असिमॉव्हने १९४१ सालीच 'लायर!' या कथेत दाखवलं. हर्बी नावाच्या रोबोला माणसांच्या मनातलं वाचता येतं. माणसाला इजा होऊ द्यायची नाही हा त्याचा नियम, आणि मन दुखावणं हीसुद्धा इजाच. म्हणून तो ज्याला जे ऐकायचं आहे ते ऐकवतो. सुसान काल्विन या शास्त्रज्ञ बाईंना तो सांगतो, की तुमचं ज्याच्यावर मन आहे त्याचंही तुमच्यावर आहे. बाई त्या वयात जरा नटूनथटून यायला लागतात, आणि मग खरं बाहेर येतं. हर्बीला स्वतःला ना प्रेम वाटतं, ना अपमान. तो नियम पाळतो, बस. त्या बाईंचा तो चेहरा मात्र मला आजही दिसतो.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं जुनं झालं, आजची यंत्रं बोलतात, सहानुभूती दाखवतात. दाखवतात ना! गेल्या महिन्यात एका मदत केंद्राला फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई मला शुद्ध मराठीत म्हणाली की माझी अडचण तिला समजते आणि तिला मनापासून खेद आहे. मग एक दाबा, दोन दाबा करत तिने मला पावणेदोन तास फिरवलं. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाची संगणक आज्ञावली केली. ती समोरच्याचं वाक्य उलटं करून प्रश्न म्हणून परत द्यायची, यापलीकडे तिच्यात फार काही नव्हतं. त्याच्या सेक्रेटरीने त्याला महिनोन्महिने ते बनवताना पाहिलेलं. तरीही दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर तिने त्याला विनंती केली, जरा खोलीबाहेर जाता का? सखाच्या आत पाण्याची सोय नाही याने तुमचा इंजिनियर थक्क होतो. वायझेनबॉम थक्क झाला होता तो सेक्रेटरीकडे बघून.

मला माहीत आहे, मेंढ्यांचा विषय तुम्ही काढणार. फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीच्या नावातच विजेवर चालणारी मेंढी आहे आणि 'ब्लेड रनर' तिच्यावरूनच निघाला. तिथे यंत्रमानव ओळखायची परीक्षा अशी, की दुसऱ्या जिवाच्या दुःखाने तुम्ही हलता का. आणि परीक्षा घेणाऱ्या नायकाच्या घराच्या गच्चीवर नकली मेंढी बांधलेली, शेजाऱ्यांना खरी वाटावी म्हणून! खरी मेंढी बघायची तर फलटणला या. इथल्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली, तिला बऱ्याचदा एका वेताला दोन कोकरं होतात. त्या कामात भावना कुठे नोंदवलेली नाही, पण दुसरं कोकरू जगलं तर मेंढपाळाच्या घरात काय होतं ते मी पाहिलं आहे. रडण्याविषयी लिहायचंच असेल तर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून गेलेल्या गौरी देशपांडे वाचा. तिथे कुणी फुकट रडत नाही.

इथवर थट्टा झाली. आता एक गोष्ट सांगतो, ती थट्टेतली नाही.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. साखरवाडीच्या बाजूला फडाकडेला पाचटाच्या कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायको मिळून एक एकक, आणि त्या एककाला म्हणतात 'एक कोयता'. टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही. किती कोयते, असं विचारतात. एकटा आला तर अर्धा कोयता. आजारपणात दिवस गेला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. बाई पहाटे अंधारात उठते, थंडीत उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, आणि पोर बांधावर. गेल्या काही वर्षांत फडात हार्वेस्टरही फिरायला लागला आहे. दसऱ्याला त्याला हार घालतात.

रोबोटा म्हणजे वेठ. चापेकने तोच शब्द घेतला होता. आम्ही इथे जित्याजागत्या माणसाला कोयता म्हणतो आणि तुम्ही २०६० सालच्या कोथरूडात बसून ॲल्युमिनियमच्या डोळ्यात पाणी भरता. माणसाला अवजार म्हणायला आपल्याला कधी संगणक लागला नाही. उद्या फडात बिनमाणसाचा हार्वेस्टर आला, तर त्याच्या मनात काय चाललंय हे मला वाचायचं नाही. बांधावर उभ्या असलेल्या बाईने, त्या अर्ध्या कोयत्याने, त्याच्याकडे कसं पाहिलं ते वाचायचं आहे. तिला हायसं वाटलं, की धसका बसला? की दोन्ही? हे लिहायला विज्ञानही लागेल, आणि एक चक्कर मारावी लागेल. एसटी येते.

आणि तुमच्याच कथेत, कुणीतरी तुमच्या नकळत ठेवून गेल्यासारखं एक चांगलं वाक्य आहे. सखा बुद्धिबळात मुद्दाम हरतो. ते एका ओळीत उरकून तुम्ही पुढे गोळ्यांकडे वळलात. महाशय, कथा तिथे आहे! का हरतो? सिएटलच्या मुलाने तशी सोय करून ठेवली आहे, महिन्याला जादा पैसे भरून? की डाव जिंकल्या दिवशी आजोबा गोळ्या निमूट घेतात, हे सखाने आपलं आपण टिपून ठेवलं आहे? आणि ज्यांनी जन्मभर वाड्यावरच्या ओट्यावर पैजेचे डाव खेळले, त्या आजोबांना पहिल्या आठवड्यात ते कळलं असणार. कळून ते काय करतात? सांगतात? की तेही मुद्दाम वाईट खेळायला लागतात, हा किती खाली उतरतो ते बघायला? एक हरण्याचा हिशेब करणारा, एक तो हिशेब पकडणारा, मध्ये पट. एवढ्यात म्हातारपण आलं, मुलगा आला, एकटेपण आलं. सखाला काही वाटतं की नाही हे शेवटपर्यंत सांगूच नका. आजोबा गेल्यावर पट मांडलेलाच राहू दे, आणि चाल कुणाची होती तेवढं सांगा.

कथा साभार परत पाठवत आहे. शेवटच्या परिच्छेदावर मारलेली काट पेन्सिलीची आहे, पटत नसेल तर खोडता येईल. बुद्धिबळाच्या ओळीखाली मात्र शाईची रेघ आहे. नवी प्रत १५ ऑगस्टच्या आत आली तर मी स्वतः वाचीन. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, आणि सोबत स्वतःच्या पत्त्याचं पाकीट जोडायला विसरू नका, मागच्या वेळी विसरला होता.

आपला,
गठ्ठा वाचणारा एक निवृत्त शिक्षक